पूजेतला टेकू

माणूस हट्टी असला तर त्याच्याशी भांडता येतं. भाविक असला तर त्याला देवाची शपथ घालता येते. पण हट्ट आणि भक्ती एकाच टोपीखाली राहायला आली की समोरच्याने हात टेकायचे. आमचे तात्या तसे. तात्या म्हणजे माझे सासरे, नाथा थेटे. दिंडोरी रोडला म्हसरूळच्या अलीकडे आमचं गॅरेज आहे, ते त्यांनी उभं केलं. आता माझा नवरा दिनेश ते चालवतो. फोन घेणं, पार्ट मागवणं, गिऱ्हाइकांची तोंडं सांभाळणं हे माझ्याकडे. पाना मी हातात धरत नाही, पण कुठल्या गाडीचं काय बिघडलंय हे मला आवाजावरून कळतं, आणि मी ते बोलून दाखवते. तात्यांना ते आवडायचं नाही. नाही तर नाही.

कारगिलचं युद्ध झालं त्या वर्षी पाडव्याला आम्ही लिफ्ट आणली. अंबडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातली, जुनीच. जमिनीतल्या खड्ड्यातून एक जाडजूड लोखंडी खांब वर येतो आणि त्याच्या डोक्यावर गाडी उभी राहील असा सांगाडा. कॉम्प्रेसरची हवा खालच्या तेलाला दाबते, तेल खांबाला वर ढकलतं. त्या खांबालाच आमच्याकडे सगळे जॅक म्हणतात. खांब जमिनीतून जिथे बाहेर येतो तिथे त्याच्याभोवती रबराचं सील असतं, तेल बाहेर पडू नये म्हणून. आणि समजा सील फाटलं, तेल गेलं, जॅक खाली बसला, तर खालचा माणूस चेपू नये म्हणून सांगाड्याला एक जाड पाइप टांगलेला असतो. गाडी वर गेली की तो उभा करून जमिनीवर टेकवायचा. तो टेकू. टेकू लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालायचं नाही, हा दिनेशचा नियम. त्याबाबतीत तो बापालाही सोडायचा नाही.

गणपतीपासून जॅक कुरकुरत होता. गाडी वर घेतली की सीलपाशी तेलाचं ओलं कडं दिसायचं. मी दिनेशच्या मागे लागून मुंबईहून नवीन सील मागवलं. ते एसटीच्या पार्सलने आलं आणि माझ्या ड्रॉवरमध्ये येऊन बसलं. दिनेश म्हणाला, "दसरा होऊ दे, आशा. सणाच्या तोंडावर खड्डा उघडून बसलो तर तात्या मलाच त्या खड्ड्यात पुरतील." मी म्हटलं, बरं. टेकू होता ना. टेकू होता म्हणून मला झोप लागत होती.

मग आली खंडेनवमी. ज्यांच्या घरात लोखंड नाही त्यांना याचं महत्त्व कळायचं नाही. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात. पाने, हातोडे, ऐरण, वाइस, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. एकदा का नारळ फुटला की दसऱ्याच्या सकाळपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस निजू दे त्यांना. रोडच्या दोन्ही बाजूंना सगळी गॅरेजं त्या दिवशी अशी गप्प असतात. एरवी आमच्याकडे शेजारच्याला हाक मारायची तर ओरडावं लागतं, त्या दिवशी चिमण्या ऐकू येतात.

तात्यांना या सणाच्या आधी रंगाचं वेड लागतं. चंदेरी रंगाचा डबा आणि ब्रश घेतला की समोर जे लोखंड येईल ते चकचकीत करायचं. त्या वर्षी तर लिफ्टची पहिलीच खंडेनवमी. त्यांनी लिफ्ट वर घेतली, सांगाडा रंगवला, टेकू काढून रंगवला, आणि तो सीलमधून वरखाली सरकणारा गुळगुळीत खांब, तोही वरपासून खालपर्यंत रंगवला. खांबाला रंग लावायचा नसतो. रंग वाळला, खांब खाली गेला, रंगाच्या कडक पापड्या सीलमध्ये घुसल्या, आणि आधीच थकलेल्या रबराचे लचके तुटले. हे सगळं आम्हाला नंतर जॅक उघडल्यावर कळलं. दिनेशने तेव्हाच पाहिलं असतं तर बोंब मारली असती, पण तो वणीच्या देवीच्या गडावर चालत जायच्या तयारीत होता आणि अष्टमीलाच निघाला. आमचा मिस्त्री काळू सणाला पेठकडे आपल्या गावी गेला होता. म्हणजे नवमीच्या दिवशी गॅरेजात कोण, तर तात्या, माझ्या सासूबाई चतुराबाई, आणि मी.

सकाळी तात्यांनी त्यांची जुनी जीप लिफ्टवर चढवली आणि वर घेतली. रोडवरून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसली पाहिजे ना. जीपला माळा, उसाची कांडं, आंब्याची पानं. सांगाड्याच्या चारी बाजूंनी झेंडूच्या सरी खाली सोडलेल्या. आणि त्याच्या बरोबर खाली, सतरंजी अंथरून, सगळी हत्यारं मांडली. मधोमध टेकू आडवा ठेवलेला, त्याला सगळ्यात जाड हार.

मी म्हटलं, "तात्या, टेकू लावायचा राहिला."

"राहिला नाय. बसवलाय." ते म्हणाले. "पाडव्यापासनं भार यानंच तोलला. त्याचा मान पहिला."

"अहो पण जीप वर आहे."

"जीप वर, हत्यारं खाली. सगळा संसार एका देव्हाऱ्यात. किती ग्वाड दिसतंय बघ की."

दिसत होतं गोड, खोटं कशाला बोलू. सासूबाई घरातल्या घटापुढच्या दिव्यावरून ज्योत लावून आल्या. नऊ दिवसांचा उपास, पायात चप्पल नाही, त्या दिवशी तर सकाळपासून तोंडात पाणीही नाही, अशा त्या हाताच्या आडोशाने ती ज्योत रस्ता ओलांडून घेऊन आल्या आणि हत्यारांपुढच्या समईला लावली. हा दिवा दसऱ्याच्या पूजेपर्यंत विझू द्यायचा नाही. रोडवरून ट्रक गेला की वाऱ्याचा झोत आत येतो, म्हणून तात्या दिव्यापाशी पाट टाकून बसले. म्हणजे कुठे, तर लिफ्टच्या खाली.

नारळ फुटला. आता गॅरेज झोपलं.

दुपारच्या जेवणाला मी त्यांना बोलवायला गेले तेव्हा मला काहीतरी वेगळं वाटलं. काय ते कळेना. मग कळलं. सकाळी माळेचं टोक तात्यांच्या डोक्याच्या चांगलं हातभर वर होतं. आता ते त्यांच्या टोपीवर टेकलं होतं. तात्या मान वाकडी करून बसले होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मी वाकून खांबाच्या बुडाशी पाहिलं. ओलं कडं नव्हतं, तेलाचं थारोळं झालं होतं. रांगोळीपर्यंत आलं होतं.

"तात्या, आधी बाहेर या."

"का?"

"जॅक बसतोय. तेल बघा."

त्यांनी तेलाकडे पाहिलं, वर जीपकडे पाहिलं. "गणपतीपासनं गळतंय. आजच काय नवं?"

"आज टेकू नाहीये."

त्यांनी नुसतं समईत तेल घातलं. माझं डोकं तापलं. मी तेव्हा जे बोलले ते सुनेने बोलावं असं नव्हतं, पण मी बोलले. म्हटलं, देवाला हत्यारांची पूजा हवी आहे, मालकाचा बळी नको आहे. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

तात्या शांतपणे म्हणाले, "सहादूचं तुला ठाव हाय का?"

सहादू म्हणजे तात्यांचा पाठचा भाऊ. मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दोघं भाऊ तरुणपणी घोटीला एका गॅरेजात कामाला होते. खंडेनवमीला पूजा झाल्यावर तांदळाचा एक व्यापारी आला, त्याच्या ट्रकचा पाटा, म्हणजे चाकावरची पोलादी स्प्रिंग, मोडला होता. गाडीत माल, हातापाया पडला. तात्या म्हणाले होते उद्या बघू. सहादू म्हणाला, माणूस अडलाय. त्याने पूजेतला पाना उचलला. पाट्याचा बोल्ट सुटला, पाटा उसळला आणि त्याच्या छातीत बसला. घोटीहून नाशिकला आणेपर्यंत संपला.

"कुंकू होतं त्या पान्याला," तात्या म्हणाले. "माझ्या हातानं लावलेलं."

"तो अपघात होता, तात्या."

"असंल. पण आज माझा पोरगा रस्त्यावर हाय. गडाच्या वाटंला. ट्रकं धावत्यात त्या रोडला. मी पूजा मोडली आन त्याला काय झालं, तर तू मला काय म्हनशील? अपघात होता म्हनशील?"

मी वळून दारापर्यंत आले. 

मग मी ठरवलं, आपल्या हत्याराला हात लावायचा नाही ना, तर दुसऱ्याचं आणू. एक मोठा जॅक, एक ओंडका, काहीही, सांगाड्याखाली उभं करायला. मी चपला घातल्या आणि निघाले. शेजारी गोरक्षचं लेथ मशीनचं दुकान. तो दारात खुर्ची टाकून बसला होता, मागे लेथला नवरीसारखा हार.

"गोरक्षभाऊ, तुमचा ट्रकचा जॅक द्या."

"वहिनी, पूजेत आहे."

"माणूस खाली बसलाय."

"तात्या? मग त्यांना सांगा ना बाहेर यायला."

मी म्हटलं, "तुम्ही सांगा." तो उठला, आमच्या दारापर्यंत आला, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "तात्या, जरा बाहेर बसा की." तात्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो परत खुर्चीवर जाऊन बसला. असले एकेक शूरवीर.

पुढे रफिकभाईंचं पंक्चरचं दुकान. मला वाटलं, इथे तरी काम होईल. रफिकभाई डोकं खाजवत म्हणाले, "भाभी, सुबह तात्यांनीच येऊन माझ्या जॅकला हळदकुंकू लावलं. नारियल भी उन्होंने फोडा. आता मी तो उचलून त्यांच्यासमोर आणू? मला जिंदा सोडतील?" लाकडाची वखार बंद. वीटभट्टीवाला सणाला गेलेला. सगळ्या रोडवर एक जॅक जागा नव्हता. मला हसू येत होतं आणि रडू पण येत होतं, आणि पाय आपोआप पळत होते.

रफिकभाई माझ्यामागून ट्रकचे दोन जुने टायर ढकलत आले. म्हणाले, "टायर काही हत्यार नाही. हे ठेवा खाली, आलंच तर अडकेल." देवमाणूस. पण ठेवायचे कुठे? सांगाड्याखाली चारी बाजूंनी हत्यारं मांडलेली. टायर सरकवायचा तर ऐरण हलवावी लागणार, ऐरण हलवायची तर टेकू हलवावा लागणार. तात्यांनी नुसता हात वर केला. रफिकभाई टायर दाराशी ठेवून उभे राहिले.

म्हटलं, निदान कॉम्प्रेसर चालू करते, हवा भरते, वर जाईल. कॉम्प्रेसरच्या बटणावर झेंडूचं फूल आणि वर कुंकवाचं बोट. तात्या आतून म्हणाले, "आशा." एवढंच. मी हात मागे घेतला.

उन्हं कलायला लागली. मी दारात बसून त्या माळेकडे बघत होते. आधी ती टोपीवर टेकली होती, मग टोपीच्या बाजूने कपाळावर आली, मग तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, मग माळ कानाशी. मधेच जीप कुठेतरी कुरकुरायची. दर वेळी मला वाटायचं, आता.  तात्या मात्र ट्रकचा आवाज आला की दोन्ही हात दिव्याभोवती धरायचे, ट्रक गेला की सोडायचे. त्यांच्या ओठांवर काहीतरी चाललं होतं. देवीचं नाव होतं की पोराचं, माहीत नाही. बहुतेक दोन्ही.

त्यांचा राग येत होता, खूप राग. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांपुढे दिनेश होता, डांबरी रस्त्याच्या कडेने अनवाणी चाललेला. हा म्हातारा मूर्ख आहे असं म्हणायला माझं तोंड उघडेना, कारण तो माझ्याच नवऱ्यासाठी तिथे बसला होता.

शेवटी मी उठले. पुरे झालं. मी आत शिरले, सतरंजीवर पाय ठेवला आणि टेकूला हात घातला. हार सरकला, कुंकू माझ्या हाताला लागलं. टेकू जड असतो, एका बाईला उचलत नाही, पण रागाने मी एक टोक उचललं.

तात्या उठले नाहीत. दुसऱ्या टोकावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या कपाळाचं कुंकू हाय ते. इचार कर."

आणि माझे हात थांबले. मी शिकलेली, बारावीला केमिस्ट्री घेतलेली, सील, तेल, हवेचा दाब सगळं समजणारी. मला पक्कं ठाऊक होतं की टेकू उचलल्याने दिंडोरी रोडवरच्या ट्रकला काही होत नसतं. तरी माझे हात थांबले. मी टोक खाली ठेवलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी बाहेर आले आणि रफिकभाईंनी आणलेल्या टायरवर बसून रडायला लागले.

सासूबाई सकाळपासून दारात उभ्या होत्या. त्या माझ्याजवळ आल्या. माझ्या तळहाताला लागलेलं कुंकू त्यांनी पदराने पुसलं.

"किती टाइम राहील ते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"जॅक."

"माहीत नाही, आत्याबाई. आत्ता बसेल, नाहीतर उद्या."

"तेल तर लय आलंय."

"हो."

त्यांनी गडाच्या दिशेला हात जोडले. खूप वेळ जोडून उभ्या राहिल्या. काहीतरी पुटपुटल्या, त्यातलं मला एवढंच ऐकू आलं, "माझ्याकडनं घे. पोराकडं बघू नको." मग त्या आत गेल्या. वाकून, माळ बाजूला सारून, लिफ्टखाली गेल्या. तात्यांना वाटलं समईत तेल घालायला आल्या, ते जरा सरकले. सासूबाईंनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी वात चिमटीत धरली.

नऊ दिवस घटापुढच्या ज्या दिव्यासाठी ही बाई रात्री उठून उठून बघायची, त्याच्यावरून आणलेली ज्योत तिने विझवली. धुराची एक रेघ वर गेली. तात्यांना आधी कळलंच नाही. ते त्या काळ्या वातीकडे बघत राहिले. सासूबाई उलट्या पावलांनी बाहेर आल्या आणि गॅरेजच्या दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

मग तात्या उठले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. टोपी पडली, पाट उलटला, आणि ते हात उगारून बायकोच्या अंगावर धावले. माझ्या समोरून गेले तेव्हा त्यांच्या धोतराला तेल लागलेलं दिसलं. ते दारापर्यंत पोचले असतील नसतील, मागे फुस्स असा आवाज झाला, तेलाची चिळकांडी छताला लागली, आणि जीप खाली आली.

आवाज केवढा झाला ते गोरक्ष अजून सांगतो. त्याच्या लेथवरचे हार पडले म्हणे. आमच्या गॅरेजातली हत्यारं उडाली, एक हातोडा माझ्या पायापर्यंत घसरत आला. समई सपाट. पाटाची फळी फुटलेली. जिथे तात्या बसले होते तिथे सांगाड्याचं लोखंड जमिनीला टेकलं होतं.

तात्यांचा हात अजून वर होता. त्यांनी मागे वळून पाहिलं.  सासूबाईंनी लिफ्टकडे पाहिलंच नाही. त्या तात्यांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या दोन बोटांना काजळी लागलेली होती.

"मारा आता," त्या म्हणाल्या. "म्या इझवला."

तात्यांचा हात खाली आला. ते तिथेच, रस्त्याच्या कडेला, मातीत बसले. रफिकभाई पाणी घेऊन आले, ते त्यांनी प्यायलं नाही. म्हणाले, "चतुरा, मला घरी ने." माझ्या लग्नानंतर मी त्यांच्या तोंडून सासूबाईंचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

आता खरी भीती सुरू झाली. तात्या वाचले, पण दिनेश यायचा होता. मोबाइल तेव्हा आमच्याकडे कुठला. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या त्या बसल्याच. मी त्यांना म्हटलं, आत्याबाई, दोन घास खा. त्या म्हणाल्या, "त्यो दिसू दे." मला सांगायचं होतं की असं काही नसतं. सांगितलं नाही, कारण मीही त्यांच्या शेजारीच बसले होते.

दसऱ्याला दुपारी एसटी थांबली आणि दिनेश उतरला. पायाला फोड, गळ्यात गडावरची माळ, तोंडभर हसू. सासूबाईंनी त्याच्या तोंडावरून, हातांवरून, छातीवरून हात फिरवला, जणू काही मोडलंय का बघत होत्या. तो म्हणाला, "आई, काय झालं?" त्या म्हणाल्या, "काय नाय." आणि आत जाऊन पहिल्यांदा पाणी प्यायल्या.

जॅक आम्ही त्याच आठवड्यात उघडला. दिनेशने आणि काळूने खड्ड्यातून खांब वर ओढून काढला. सील चिंध्या झालेलं, आणि चिंध्यांमध्ये चंदेरी रंगाचे कपचे. खांबाला खालपर्यंत ओरखडे. दिनेश बोलणार होता, मी त्याला डोळ्याने गप्प केलं. तात्या खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून बघत होते. त्यांनी एक कपचा नखाने उचलला, अंगठ्यावर घासला आणि घरी गेले. माझ्या ड्रॉवरमधलं नवीन सील त्या ओरबाडलेल्या खांबाला लावून काही उपयोग नव्हता. जॅकच बदलला, नवा आणला. पुढच्या खंडेनवमीपासून टेकूची पूजा उभ्यानेच होते, गाडीखाली, जिथल्या तिथे. हे तात्यांनी स्वतः ठरवलं, कोणी सांगितलं नाही. त्यावर मी एक शब्द बोलले नाही, याची नोंद घ्यावी.

पण सासूबाई बदलल्या. त्यांनी देवापुढे दिवा लावायचं सोडलं. संध्याकाळ झाली की मला हाक मारायच्या, "आशा, दिवा लाव गं." मी म्हणायचे, तुम्ही लावा. त्या म्हणायच्या, माझा हात चांगला नाय. हसून सांगायच्या, म्हणून जास्त लागायचं. मी खूप समजावलं. दिनेशने समजावलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि माझ्या हातात काडेपेटी द्यायच्या.

पुढच्या वर्षी घट बसायची वेळ आली. माती आणली, धान्य पेरलं, कळशी मांडली. सासूबाई सगळं करून बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, "ये. नऊ दिसाचा दिवा हाय, तुझ्या हातानं लाव. माझ्या नको. म्या इझवलेला हाय."

तात्या भिंतीला टेकून बसले होते. वर्षभर या विषयावर ते एक अक्षर बोलले नव्हते. ते म्हणाले, "आशा, तू उठ."

मी उठले.

"तिनं इझवला म्हनून मी हितं बसलोय," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "दिवा तिच्याच हातानं लागंल. नायतर या घरात घट बसनार नाय. देवीला राग येत आसंल तर तिनं माझ्यावर यावं."

सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला. मग सरकत घटापुढे आल्या. त्यांनी ओढलेली पहिली काडी वातीपर्यंत पोचायच्या आत विझली. त्यांनी घाबरून तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी काडेपेटीतून दुसरी काढली आणि त्यांच्या हातात दिली.